वॉर्ट, वर्ट आणि वझं

मुलाखतीत मला विचारलं होतं, मॅशचं तापमान ६५ अंशांवरून ७० वर गेलं तर काय होईल? उत्तर मला पाठ नव्हतं, पण समजलेलं होतं. मी म्हणालो, "बीटा अमायलेज लवकर मरेल, अल्फा काम करत राहील. वॉर्टमध्ये यीस्टला खाता येणारी साखर कमी आणि डेक्स्ट्रिन जास्त राहील. बिअर जाड लागेल, अल्कोहोल कमी भरेल."

समोर तिघं बसले होते. त्यातले एक जण हसले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही चामखीळ उकळता का?"

बाकीचे दोघंही हसले. मला विनोद कळला नाही, तरी मीही हसलो. तो कळला संध्याकाळी, स्वारगेटच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघताना. फोनवर शब्दकोश उघडला आणि स्पीकरच्या चित्रावर बोट ठेवलं. आतून एक बाई म्हणाली, 'वर्ट'. शर्टसारखं वर्ट. आणि इंग्रजीत ओच्या जागी ए घालून लिहिला की जो 'वॉर्ट' होतो, तो चामखिळीचा.

ती नोकरी मिळाली नाही. उच्चारामुळे मिळाली नाही असं मी म्हणणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. पण त्या हसण्यानंतर माझी पुढची तीन उत्तरं बिघडली, हे ठाऊक आहे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सातू, म्हणजे बार्ली, भिजवून तिला मोड आणतात, वाळवतात, भरडतात. हे भरड साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की दाण्यातल्या स्टार्चची साखर होते. मग वरचं पाणी गाळून घेतात. ते गोड, पिवळसर, चिकट पाणी म्हणजे हा शब्द. पुढं ते हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं, की बिअरकडे प्रवास सुरू. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे समजायला दोन मिनिटं लागतात. काहिलीत पडायच्या आधी उसाचा रस जिथं असतो, तिथं हे पाणी असतं. आमच्या गुळव्यानं त्याला सरळ 'रस' म्हटलं असतं आणि कुणी हसलं नसतं.

आता उच्चाराचं. इंग्रजीत डब्ल्यूच्या पुढं 'ए-आर' आलं की आपण 'वॉर' म्हणतो: वॉर, वॉर्ड, वॉर्म. आणि 'ओ-आर' आलं की बहुतेक वेळा 'वर': वर्क, वर्ड, वर्ल्ड, वर्म. म्हणजे ए लिहिलं की ऑ म्हणायचं आणि ओ लिहिलं की अ. याला नियम म्हणण्यापेक्षा खोडी म्हणावी. तीही पूर्ण पाळली जात नाही, कारण झिजलेल्या कपड्याला म्हणतात तो शब्द 'ओ' असूनही 'वॉर्न'च आहे. मी त्या 'वॉर्न'च्या वाटेनं गेलो. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशात तर आधी 'वर्ट' देऊन मागे 'वॉर्ट'ही दिला आहे, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी कळलं असतं तरी उपयोग नव्हता. मुलाखतीत शब्दकोश काढून दाखवणारा उमेदवार आणखीच हास्यास्पद दिसतो.

मला हा शब्द पुस्तकातून मिळाला होता. मी वाळवा तालुक्यातला. कराडला मायक्रोबायोलॉजी केलं. सगळ्या बाजूंनी साखर कारखाने, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी डिस्टिलरी, त्यामुळं मळी, वॉश, स्पेंट वॉश हे शब्द आम्ही कानांनी शिकलो होतो. कुणाचा तरी काका शिफ्टला असायचाच. पण बिअर करणारं कुणी नव्हतं. आमच्या सरांनीही हा शब्द पुस्तकातच वाचलेला. ते 'वॉर्ट' म्हणायचे, म्हणून आम्ही साठ जण 'वॉर्ट' म्हणायचो. रोमन लिपीतली ती चार अक्षरं वहीत लिहिताना काहीच कळायचं नाही. रोमनची हीच गंमत आहे. शब्द आयुष्यभर न उच्चारता बिनचूक लिहिता येतो. देवनागरीत ही सोय नाही. तिथं लिहायचं म्हटलं की आधी ठरवावं लागतं. काना-चंद्र द्यायचा की नाही?

यावर आपण मराठी माणसं लगेच छाती फुगवतो. आमचं कसं, जसं लिहितो तसंच बोलतो. हे खरं नाही. 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा. अक्षर तेच, पण गुरांच्या चाऱ्यातला 'च' दातांपाशी होतो आणि आकड्यातला टाळूपाशी. 'जरा थांब' मधली जरा वेगळी आणि म्हातारपण या अर्थाची जरा वेगळी. 'माझा' आणि 'माझी' मधला झ एकच आहे का? 'जहाज' या एका शब्दात दोन वेगळे ज आहेत. हे कुठं लिहिलेलं नसतं. ते घरात मिळतं. ज्याच्या घरात मराठी नाही, त्याला 'चारा'चा च कुठल्या पुस्तकात सापडणार? मुंबईत नव्यानं मराठी शिकणारा कुणी 'चमचा' चुकीच्या च-नं म्हणतो तेव्हा आपणही हसतोच की.

इथवर प्रकरण सोपं आहे. माझ्यावर अन्याय झाला, हसणारे वाईट, इंग्रजी स्पेलिंग विचित्र. मीही दोन-तीन वर्षं हीच गोष्ट मित्रांना रंगवून सांगत होतो. एकदा सांगता सांगता मध्येच अडकलो, कारण मला दुसरा एक शब्द आठवला.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पुण्याचे दोन मित्र घरी आले होते. आईनं त्यांच्या सॅका उचलून आत ठेवल्या आणि म्हणाली, "किती वझं ह्ये! पोरास्नी खांदं दुखत न्हाईत व्हय?" मी पटकन म्हणालो, "आई, वझं नाही गं. ओझं." मित्र काही हसले नव्हते. त्यांनी कदाचित ऐकलंही नसेल. हसू येईल या भीतीनं मीच आधी बोललो होतो. आई "व्हय, ओझं" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलताना 'ओझं' म्हणते. ओ जरा लांबवून, सांभाळून, जसा आपण दुसऱ्याच्या घरचा काचेचा ग्लास धरतो तसा. शेजारच्या काकूंशी बोलताना 'वझं' म्हणते. मी खोलीत शिरलो की शब्द बदलतो.

आमच्याकडं ओढ्याला वढा म्हणतात, ओळखीला वळख, ओट्याला वटा. वेळेची येळ होते, विचाराचा इचार, विस्तवाचा इस्तू. सांगली जिल्हा १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. बोलीला ही वाटणी अजून कळलेली नाही. कृष्णेच्या दोन्ही अंगांना वढाच आहे. यात कुणाचा आळस नाही की अडाणीपणा नाही. ओ म्हणताना ओठ गोल होतात. त्या गोलातून आधी एक 'व' निसटतो आणि मागे नुसता 'अ' उरतो. तोंडाची रचनाच तशी आहे आणि जगभरच्या भाषांमध्ये असं होत असतं.

आता इंग्रजीतला आपला शब्द बघा. जुन्या इंग्रजीत तो 'व्युर्ट'च्या जवळपास होता. त्याचा जर्मन भाऊबंद अजून 'व्युर्त्सं'सारखा बोलला जातो. इंग्रजांच्या तोंडात तो स्वर शेकडो वर्षं घासला गेला आणि शेवटी उरला 'वर्ट'. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बिअर करणं हे बहुतांशी घरातल्या बायकांचं काम होतं. म्हणजे मुलाखतीत मला जो शुद्ध उच्चार ऐकवला गेला, तो घासून घडवण्यात चुलीपुढं उभ्या राहिलेल्या बायकांचा मोठा वाटा असणार. लिहिता न येणाऱ्या बायकांचा. माझ्या आईच्या तोंडात ओचा 'व' झाला तर ती चूक, आणि त्या बायकांच्या तोंडात 'व्यु'चा 'व' झाला तर ते प्रमाण.

नेमकं खटकतं ते इथं. मराठीत मला शिकवलं गेलं की जसं लिहितात तसं बोल. लिहितात 'ओझं', तर 'वझं' म्हणू नकोस. इंग्रजीत माझी चूक अशी धरली गेली की जसं लिहितात तसं मी बोललो. कानांनी आलेला शब्द लिखाणाशी जुळला नाही म्हणून अशुद्ध, डोळ्यांनी आलेला शब्द बोलण्याशी जुळला नाही म्हणून अशुद्ध. नियम उलटेपालटे, पण दोन्ही वेळा चुकणारा माणूस तोच. मग नियम खरा कुठला? दोन्ही ठिकाणी लागू पडेल असा मला एकच सापडतो: ज्या घरात तू जन्मला नाहीस, तिथं जसं बोलतात तसं बोल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कामाच्या ठिकाणी शब्द सगळ्यांचे सारखे हवेत. पंप चालू आहे, वाफेचा आवाज आहे, कुणीतरी ओरडून काही सांगतंय, तिथं प्रत्येकानं आपापला उच्चार लावला तर कुणाचा तरी हात भाजेल. मान्य आहे. पण माझ्या मुलाखतीत असं काही झालं नव्हतं. हसणाऱ्या साहेबांना मी काय म्हणतोय हे पूर्ण कळलं होतं. कळल्याशिवाय हसताच येत नाही. बिअर कंपनीच्या मुलाखतीला आलेला मुलगा चामखीळ उकळत नसतो, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर तो विनोद झाला.

आपल्या परंपरेत या वादाच्या दोन्ही बाजू एकाच माणसानं सांगून ठेवल्या आहेत. पतंजलीच्या महाभाष्याच्या सुरुवातीला त्वष्ट्याच्या कथेचा दाखला आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. मंत्रात 'इंद्रशत्रु' शब्दाचा आघात चुकला आणि अर्थ उलटा झाला: इंद्र ज्याला मारेल असा. वृत्र जन्मला आणि इंद्राकडून मारला गेला. म्हणजे उच्चार चुकला तर जीव जातो. पण त्याच भागात पतंजली असंही म्हणतो की मडकं हवं असलं की माणूस कुंभाराकडं जातो, शब्द हवा असला की कुणी व्याकरणकाराच्या दारात जाऊन 'मला शब्द करून द्या' असं म्हणत नाही. शब्द लोकांकडं आधीच असतात.

मला या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर वाट दिसते. त्वष्ट्याच्या चुकीत अर्थच बदलला. तिथं कुणी थांबवलं असतं तर उपकार झाले असते. 'वझं' म्हटल्यानं कुठला अर्थ बदलला? मित्रांच्या सॅका तेवढ्याच जड राहिल्या.

आपल्याला बोचणारी चूक आणि न बोचणारी चूक यात फरक कशानं पडतो, हे बघायचं तर दारूच्याच दुकानात जावं. आपली ताडी इंग्रजांच्या तोंडात 'टॉडी' झाली आणि शब्दकोशात गेली. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत सैनिक तिथं महिनोन्‌महिने पडून असायचे. तापानं, कंटाळ्यानं डोकं फिरायचं. त्यांना 'देवळाली' म्हणता येईना, म्हणून ते 'डूलाली' म्हणू लागले आणि इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडसर असा शब्दच तयार झाला. २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रूअरी निघाली तिचं नाव डूलाली. मला ते नाव आवडतं. पण देवळालीच्या कुठल्या माणसानं त्या सोजिराला थांबवून "साहेब, ळ म्हणा" असं सांगितलं असेल असं वाटत नाही. त्यांनी चुकीचं म्हटलं तर नवा शब्द होतो. आपण म्हटलं तर जुनाच शब्द चुकतो.

याच वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील. १९४२ नंतर सातारा-सांगली भागात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे नेते, पुढं १९५७ मध्ये साताऱ्याकडून लोकसभेत गेलेले. ते सभेत गावच्या बोलीत बोलायचे आणि माणसं कोसांवरून चालत ऐकायला यायची. त्यांचं भाषण शुद्ध करून घ्यावं असं त्या गर्दीला वाटलं नसणार. पण आमच्या शाळेत ग्रामीण कथेचा धडा आला की सर त्यातले संवाद मुद्दाम हेल काढून वाचायचे आणि अख्खा वर्ग हसायचा. वर्गातला प्रत्येक जण घरी जाऊन तेच बोलणार होता. स्वतःच्या बोलण्यावर हसायला आम्ही तिथं शिकलो. पुण्याच्या त्या साहेबांनी मला नवं काही शिकवलं नाही.

मग कुणाचा उच्चार सुधारूच नये का? असं म्हणणारे मित्र आहेत माझे. सगळे उच्चार सारखेच, कुणी कुणाला बोलू नये. मला हे पटत नाही. माझ्याबरोबर शिकलेला एक जण माझ्याआधी पुण्यात या कामाला लागला होता. त्याला 'वर्ट' कळलं होतं. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी त्याच्याच खोलीवर झोपलो, त्याच्यापुढं सगळी उत्तरं म्हणून दाखवली. तो काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "तुला वाईट वाटेल म्हणून." समोरच्याच्या दातात मेथी अडकली असेल आणि तो लग्नाला निघाला असेल, तर गप्प बसणं हा चांगुलपणा नाही. 'वर्ट' ही माहिती होती. ती माझ्याकडं नव्हती, त्याच्याकडं होती आणि मला तिची गरज होती. त्यानं द्यायला हवी होती, दार लावून, दोघांतच.

आईच्या बाबतीत मी उलट केलं. तिच्याकडं कुठलीच माहिती कमी नव्हती. 'ओझं' हा शब्द तिला ठाऊक होता, रेडिओवर ऐकला होता, माझ्या पुस्तकांत वाचला होता. मी तिला काही दिलं नाही. तिच्याकडं होतं ते चार लोकांपुढं काढून घेतलं, तेही माझ्या लाजेपोटी. 'ती फुलराणी' टीव्हीवर लागलं की आम्ही सगळे मंजुळेच्या बाजूनं असतो. आपल्या घरातला प्रोफेसर कोण, हे त्या वेळी कुणाला सुचत नाही.

आता मी पुण्यात एका लहान ब्रूअरीत काम करतो. दोन महिन्यांपूर्वी तासगावकडचा एक मुलगा नवा लागला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, वॉर्ट किती वाजता गार करायचं?" मी म्हणालो, "वर्ट साडेतीनला." एवढंच. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. पुढच्या आठवड्यात तो 'वर्ट' म्हणू लागला. घाईत असला की अजून 'वॉर्ट' येतं. खरं सांगायचं तर माझंही येतं. रात्रपाळीला आम्ही दोघंच असलो की टाकीला कोणी ऐकत नसतं.

त्याला मी बरोबर वागवलं का, याची मला खात्री नाही. मी नुसतंच 'साडेतीनला' म्हणालो असतो तर? कुणी पाहुणा येईपर्यंत थांबलो असतो तर? त्याच्या त्या एका नजरेत काय होतं, हे मी विचारलं नाही. विचारणार तरी कसं?

गेल्या रविवारी आईचा फोन आला. जेवलास का, पाऊस आहे का, हे झालं. मग म्हणाली, "तिथं लई जड ओझं उचलाया लागतंय का रं?" ओ लांबवला होता.

मी म्हणालो, "लागतंय की. माल्टची पोती असत्यात, पंचवीस किलोचं वझं एकेक."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"ओझं म्हणावं," ती म्हणाली. "चार लोकांत ऱ्हातुयास आता."